शेवटची चढाई : वेळ संपताना पंचांनी काय पाहावे?

खेळांचे नियम आपल्याकडे सहसा वाद झाल्यावर वाचले जातात. सामना सुरू होण्यापूर्वी नियमपुस्तिका कोणाच्या तरी पिशवीत असते. वाद पेटला की ती बाहेर निघते आणि मग प्रत्येकाला तिच्यात आपल्याला हवे ते वाक्य सापडते. अशा वादांपैकी निम्म्याहून अधिक वाद मी तरी सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणीच झालेले पाहिले आहेत. वेळ संपली तेव्हा नेमके काय चालले होते, एवढाच प्रश्न असतो. पण त्याचे उत्तर प्रत्येक खेळ वेगळे देतो, आणि ते तसे का देतो हे समजले तर नियम पाठ करण्याची फारशी गरज राहत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः कबड्डी व खो-खो या आपल्या दोन खेळांच्या आधारे हा विषय मांडण्याचा विचार आहे.

मी व्यवसायाने संख्याशास्त्राचा अध्यापक. या महाविद्यालयात शिकलो आणि पोटापाण्यासाठी सुरतेस गेलो. तेथे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांत काम करणारी हजारो मराठी, त्यातही खानदेशी, कुटुंबे आहेत. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजराती-हिंदीबरोबर मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांचेही वर्ग चालतात. या वस्त्यांतून मातीच्या मैदानावर कबड्डीचे सामने होतात. गुणपत्रिका लिहिणारा एखादा मास्तर त्यांना हवाच असतो, आणि तसा मी या कामात ओढला गेलो. पुढे हौसेने नियमांचा अभ्यास केला. असो.

प्रथम कबड्डी घेऊ. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटे विश्रांती. स्त्रियांचा १५-१५ मिनिटांचा. नियम असा की, प्रत्येक डावातील शेवटची चढाई, ठरलेली वेळ संपली तरी, पूर्ण होऊ द्यावी. नियम एका वाक्याचा आहे. तो वाचून कोणालाही वाटेल की यात अवघड ते काय? अवघड आहे ते ‘शेवटची चढाई’ या दोन शब्दांत. चढाई कोणत्या क्षणी जन्माला येते आणि कोणत्या क्षणी संपते, हे ज्याला सांगता येत नाही त्याला हा नियम लावता येणार नाही.

त्याआधी थोडे मागे जाऊन पाहणे उद्बोधक ठरेल. कबड्डीला लेखी नियम मिळाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, महाराष्ट्रातील व बडोद्यातील कार्यकर्त्यांच्या खटपटीतून. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले. बडोदे सुरतेहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे, हे सुरतेच्या मुलांना सांगितले की त्यांना उगाचच अभिमान वाटतो! त्या काळी या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की पुन्हा जिवंत होई; आजची कबड्डी ही तिचीच वंशज. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत मात्र बाद गडी बाहेरच बसे, सगळा संघ बाद झाला की लोण, आणि ठरावीक लोण होईपर्यंत खेळ चाले. तिला वेळेची मर्यादाच नव्हती.

म्हणजे गामिनी खेळणाऱ्यांना आपला प्रश्न कधी पडलाच नसेल. शेवटचा गडी बाद झाला की खेळ आपोआप संपला. घड्याळाशी संबंध नाही. घड्याळ मैदानात आले आणि खेळाचा शेवट खेळाच्या बाहेरून ठरू लागला. बाहेरून आलेला हा शेवट खेळाच्या आतल्या एखाद्या क्रियेच्या मधोमध पडणार, हे उघड आहे. तेव्हा त्या क्रियेला तोडायचे की पुरी होऊ द्यायचे, हे प्रत्येक खेळाला ठरवावे लागले. कबड्डीने ठरवले की चढाई तोडायची नाही. तोंडाशी गेलेला घास काढून घ्यायचा नाही, म्हणा ना.

आता चढाईचा जन्म. चढाई करणारा गडी ‘कबड्डी कबड्डी’ असा दम धरून मध्यरेषा ओलांडतो त्या क्षणी चढाई सुरू होते. त्याचे नाव पुकारले गेले, तो आपल्या अंगणात दम भरू लागला, हाताला माती चोळून रेषेशी आला, यांतले काहीही चढाई नव्हे. (दमाचा शब्द ‘कबड्डी’ हाच असला पाहिजे, असे नियम सांगतो. आमचे आजोबा ‘हुतूतू’ म्हणत. आपल्या मैदानावर मराठी व कन्नड बोलणारी मुले शेजारी शेजारी खेळतात, पण दमाच्या भाषेवरून वाद झालेला मी ऐकलेला नाही. तो शब्द दोघांचाही एकच आहे.) चढाईचा शेवट मात्र अनेक तऱ्हांनी होतो. गडी नियमानुसार स्वतःच्या अंगणात परततो, किंवा पकडला जातो, किंवा त्याचा दम सुटतो, किंवा तो हद्दीबाहेर जातो, किंवा ३० सेकंदांची मुदत संपते. ही मुदत नियमात येण्यापूर्वी दम टिकेल तेवढी चढाई चाले. म्हणजे वेळ संपल्यावर सामना किती लांबेल हे गड्याच्या छातीवर अवलंबून असे. आज तो अर्ध्या मिनिटापलीकडे लांबू शकत नाही.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. वेळ संपण्याच्या क्षणी पंचाला दोन गोष्टी जुळवून पाहाव्या लागतात : घड्याळाचा काटा आणि गड्याचा पाय. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी एकच मनुष्य पाहू शकत नाही. वेळ असते गुणलेखकाकडे, टेबलाशी. त्याची नजर घड्याळावर. पाय दिसतो मध्यरेषेजवळच्या पंचाला. त्याला घड्याळ दिसत नाही. निर्णय द्यायचा सरपंचाने, आणि त्याला कदाचित दोन्हीही नीट दिसलेले नसते! तेव्हा या प्रसंगी सरपंचाचे काम साक्ष घेण्याचे असते. गुणलेखकाला पायाबद्दल विचारू नये आणि पंचाला घड्याळाबद्दल विचारू नये. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याला विचारावे.

काही प्रसंग घेऊन पाहू.

समजा, चढाईचा गडी प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात आहे, तिघांनी त्याला धरले आहे, तो मध्यरेषेकडे हात लांबवतो आहे आणि वेळ संपली. येथे शंका नाही. झटापट चालू राहील. तो रेषेला पोहोचला तर त्याला स्पर्श केलेल्या सर्वांचे गुण मिळतील. न पोहोचता दम सुटला तर पकडीचा गुण दुसऱ्या बाजूला. त्या झटापटीत प्रतिस्पर्ध्यांचे उरलेसुरले सगळे गडी बाद झाले तर लोणाचे दोन गुणही मोजावे लागतील. चढाई पुरी होऊ द्यायची म्हणजे तिच्या फळांसह पुरी होऊ द्यायची. गुण घ्यायचे आणि लोण नाकारायचे, अशी कातरणी करता येत नाही.

समजा, ही गोष्ट पहिल्या डावाच्या शेवटी घडली. मग आणखी एक भाग येतो, आणि याकडे नवखे गुणलेखक हमखास दुर्लक्ष करतात. दुसरा डाव सुरू होताना मैदानात तितकेच गडी असतात जितके पहिला डाव संपताना होते. तेव्हा त्या शेवटच्या चढाईत मिळालेल्या गुणांमुळे जे गडी जिवंत झाले आणि जे बाद झाले, त्यांचा हिशेब विश्रांतीपूर्वीच लिहून ठेवला पाहिजे. पाच मिनिटांनी कोण आत होते आणि कोण बाहेर, यावर दोन्ही कर्णधारांची स्मरणशक्ती विरुद्ध दिशांना धावू लागते.

आता अधिक चमत्कारिक प्रसंग. चढाईचा गडी परतत असतानाच वेळ संपली. आणि त्याच्या पाठोपाठ, तो अंगणात पोचताच, बचाव करणाऱ्यांपैकी एक जण दम धरून त्याच्या मागे घुसला. पाठलागाची ही युक्ती एरवी पूर्णपणे नियमात बसते. बेसावध परतलेल्या गड्याला गाठून गुण मिळवण्याचा तो जुना मार्ग आहे. पण आता? पाठलाग ही नवी चढाई आहे. ती वेळ संपल्यानंतर जन्मली. नियमाने सवलत दिली आहे ती चालू असलेल्या एका चढाईला. तिच्या शेपटीला बांधून दुसरी आत येऊ शकत नाही. येथे पंचांनी ठाम राहावे, कारण प्रेक्षकांना ही धाव अतिशय प्रेक्षणीय वाटते आणि गुण न दिल्यास आरडाओरडा ठरलेला.

उलट बाजूने पाहा. एक संघ एका गुणाने पुढे आहे. वेळ संपायला काही सेकंद असताना त्याचा गडी मध्यरेषा ओलांडतो. त्याचा हिशेब सरळ आहे : आता वेळ संपेल, प्रतिस्पर्ध्यांना चढाई मिळणार नाही, आपण रेषेजवळ उभे राहून परत यायचे. वेळ संपते, तो हसत मागे फिरतो. सामना जिंकला का? नाही. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा असते, आणि चढाई करणाऱ्याने कोणाला स्पर्श केला नसेल तर ती रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. नाही तर तो बाद. वेळ संपली म्हणून चढाईचे कर्तव्य संपत नाही. गडी बाद, प्रतिस्पर्ध्यांना गुण, आणि सामना बरोबरीत! वेळ संपल्यानंतर चढाई चालू राहते ती केवळ हक्क म्हणून नव्हे, तर तिच्या सर्व अटींसह, ही गोष्ट या उदाहरणावरून मनात पक्की बसते. वर्गात मी हे उदाहरण देतो तेव्हा पुढे असलेल्या संघाच्या बाजूने वाद घालणारा विद्यार्थी एक तरी निघतोच.

आता सुरतेत पाहिलेला एक सामना सांगतो. संघांची व मंडळाची नावे देण्याचे कारण नाही. अंतिम सामना, गुण २८ विरुद्ध २७. पुढे असलेल्या संघाचे चार गडी मैदानात. मागे असलेल्या संघाचा गडी धावतच मध्यरेषेकडे आला, आणि तो रेषेवरून आत जातो न जातो तोच टेबलावरून लांब शिट्टी झाली. वेळ मोबाइल फोनवर लावलेली होती. शिट्टी ऐकताच बचाव करणाऱ्यांची साखळी सुटली. एकाने तर विजयाने दोन्ही हात वर केले. चढाईचा गडी मात्र थांबला नाही. दोघांना स्पर्श करून तो सरळ परत आला. २९ विरुद्ध २८.

मग जे व्हायचे ते झाले. हरणाऱ्या संघाचा कर्णधार म्हणाला, “सर, शिट्टी झाली ना? मग खेळ संपला.”

“वेळ संपली, भाऊ. चढाई कुठं संपली?” सरपंच म्हणाले.

त्यांनी घाई केली नाही. मैदान मोकळे करायला लावले, गुणलेखकाला बाजूला घेऊन विचारले, आकडे शून्यावर आले तेव्हाच शिट्टी वाजवली का? त्याने होय म्हटले. नंतर रेषेवरच्या पंचाला वेगळे विचारले, शिट्टी कानावर आली तेव्हा पाय कुठे होता? पंच म्हणाला, पुढचा पाय आत टेकला होता. सरपंचांनी दोन गुण दिले.

माझ्या मते निर्णय योग्य होता. तरीही हरलेल्या संघाची तक्रार पोकळ नव्हती, आणि तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. कबड्डीत शिट्टी वाजली की थांबायचे, ही सवय लहानपणापासून अंगात मुरवलेली असते. ज्या शिट्टीचा अर्थ ‘वेळ संपली पण खेळ चालू’ असा आहे, ती ऐकून मुले थांबली तर दोष त्यांचा किती? त्या संघातील बरीच मुले यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणारी. त्या दिवशीचा रोज बुडवून ती खेळायला आली होती. डाव्या कोपऱ्यावरचा मुलगा नंतर माझ्याजवळ येऊन विचारत होता, “सर, मी थांबायला नको होतं का?” मी म्हटले, “नको होतं. पण तू का थांबलास ते मला कळतं.” एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, होण्याचे कारणही नव्हते.

त्यानंतर मी जेथे गुणपत्रिका लिहितो तेथे एक पद्धत पाळतो. चढाई चालू असताना वेळ संपली तर टेबलावरून शिट्टी वाजवायची नाही. गुणलेखकाने हात उंच करून सरपंचाला खूण करायची; चढाई पुरी झाल्यावर सरपंच शिट्टी देतील. चढाई चालू नसेल तर मात्र शिट्टी त्याच क्षणी. आणि हे दोन्ही कर्णधारांना नाणेफेकीच्या वेळीच सांगायचे. जेथे मोठी मंडळे विजेरी भोंगा लावतात तेथे तो आपोआप वाजतो, तेथे हे जमत नाही. मग निदान कर्णधारांना आधी बजावून ठेवावे. कोणी विचारील की, शिट्टी खुद्द सरपंचानेच चुकून मध्ये वाजवली तर? नियमपुस्तिका प्रत्येक चुकीसाठी कलम देत नाही. मला वाटते, ज्याच्या शिट्टीने खेळ थांबतो त्यानेच ती वाजवली असेल तर बचाव करणाऱ्यांचे थांबणे रास्त धरून ती चढाई पुन्हा घेणे अधिक न्याय्य. पण टेबलावरची शिट्टी ही सरपंचाची शिट्टी नव्हे, एवढा फरक खेळाडूंनीही शिकला पाहिजे.

खो-खोकडे वळलो की चित्र पालटते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवले, त्याला आता शंभरावर वर्षे झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत विश्वचषक होऊन भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. खो-खोत नऊ मिनिटांची पाळी असते आणि वेळाधिकाऱ्याची शिट्टी झाली की पाळी संपते. येथे पुरे होऊ द्यावे असे काही नाही. आक्रमक संरक्षकाच्या पाठीवर हात टेकवणार इतक्यात शिट्टी झाली तर गडी नाबाद.

असा फरक का असावा? कबड्डी क्षणभर थांबते. एक चढाई संपते, दुसरी सुरू होते, मध्ये श्वास घेण्याइतकी फट असते. खो-खोत फट नाही. आठ जण बसलेले, नववा धावणारा, एक खो दुसऱ्या खोला जन्म देतो आणि साखळी पाळीभर तुटत नाही. ‘चालू असलेले पुरे होऊ द्या’ असे म्हटले तर पुरे होणार कधी? गडी बाद होईपर्यंत? चपळ संरक्षक आणखी दोन मिनिटे पळत राहील. म्हणून खो-खोला पाते फिरवावेच लागते.

पण पाते कोठे पडले हे ठरवणे सोपे नाही. पंच गडी बाद झाल्याची आखूड शिट्टी देतो, वेळाधिकारी लांब शिट्टी देतो. दोन्ही एकामागोमाग ऐकू आल्या तर? पुष्कळजण शिट्ट्यांचा क्रम पाहतात. ते चूक आहे. पाहायचे ते स्पर्श आधी झाला की लांब शिट्टी आधी झाली. डोळ्यांनी स्पर्श पाहून पंचाने शिट्टी फुंकेपर्यंत सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. पुरुषांचे मैदान २७ मीटर लांब असते. टेबलावरील शिट्टीचा आवाज त्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला सेकंदाचे आठ शतांश लागतात. सेकंदाला सात मीटर वेगाने पळणारा गडी एक पंचमांश सेकंदात जवळजवळ दीड मीटर पुढे जातो, म्हणजे हाताच्या लांबीच्या दुप्पट. पंचाची शिट्टी लांब शिट्टीनंतर आली, तरी स्पर्श तिच्या आधी झालेला असू शकतो. अशा वेळी पंचाने स्वतःला एकच विचारावे : मी स्पर्श पाहिला तेव्हा कानावर लांब शिट्टी आली होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर गडी बाद, आणि ते त्याने न कचरता सांगावे.

खो-खोत आणखी एक खास तरतूद आहे. आक्रमक संघाचा कर्णधार आपली पाळी मुदतीपूर्वी संपवू शकतो. पुरेसे गडी मारून झाले, आता प्रतिस्पर्ध्यांना वेळ देऊ नये असा त्याचा डाव असतो. मात्र त्याने सरपंचाला तसे सांगायचे. आणि सरपंचाने खूण करेपर्यंत पाळी चालूच आहे असे समजायचे. म्हणजे कर्णधाराचे बोलणे आणि सरपंचाची खूण यांमधल्या दोन-तीन सेकंदांत गडी मारला गेला तर तो बाद धरावा लागतो. शेवट कोण करतो? इच्छा कर्णधाराची, पण शेवट सरपंचाच्या खुणेने.

इतर खेळांकडे एक धावती नजर टाकू. हॉकीत वेळ संपताना पेनल्टी कॉर्नर मिळालेला असेल तर तो पुरा होईपर्यंत सत्र लांबवतात. गोल झाला, आक्रमकाने नियमभंग केला, किंवा चेंडू वर्तुळाबाहेर पाच मीटरपलीकडे गेला की तो पुरा झाला असे धरतात. फुटबॉलमध्ये ही सवलत केवळ पेनल्टी किकला आहे; साध्या कॉर्नरला नाही. ३ जून १९७८ रोजी अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे ब्राझील व स्वीडन यांच्या विश्वचषक सामन्यात गुण १-१ असताना ब्राझीलला अगदी अखेरीस कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शेवटची शिट्टी दिली; झिकोने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला तो त्यानंतर. गोल नाही. जगभर त्यांच्यावर टीका झाली. नियमाच्या अक्षराला धरून ते बरोबर होते यात वाद नाही. परंतु कॉर्नर घ्यायची परवानगी द्यायची आणि चेंडू हवेत असताना शिट्टी फुंकायची, हे मला पटत नाही. वेळ नव्हती तर कॉर्नर घेऊच द्यायचा नव्हता.

बास्केटबॉलमध्ये चेंडू हातातून कधी सुटला हे पाहतात. भोंग्यापूर्वी सुटला असेल तर नंतर टोपलीत पडला तरी गुण मिळतात. नियम स्वच्छ आहे, तरीही या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठा वाद शेवटच्या तीन सेकंदांचाच आहे. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन मुक्त फेकी टोपलीत टाकून ५०-४९ अशी आघाडी मिळवली तेव्हा तीन सेकंद उरले होते. पुढे सोव्हिएत संघाला ते तीन सेकंद तीनदा खेळायला मिळाले : पहिल्यांदा विश्रांतीच्या मागणीवरून गोंधळ होऊन खेळ मध्येच थांबला, दुसऱ्यांदा घड्याळ नीट लावलेले नसतानाच खेळ सुरू केला गेला, तिसऱ्यांदा इव्हान येदेश्कोच्या लांब फेकीवर अलेक्सांद्र बेलोव्हने चेंडू टोपलीत टाकला. ५१-५०. अपील समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम केला आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. येथे चेंडू हातातून कधी सुटला याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. घड्याळ कोणाच्या ताब्यात आणि त्यात दुरुस्ती कोणाच्या सांगण्यावरून, हा तंटा होता. आपल्या छोट्या सामन्यांतही टेबलाभोवती पाच-सात हितचिंतक उभे असतात आणि प्रत्येक जण आपापले मनगटी घड्याळ दाखवत असतो. त्यांना प्रथम दूर करावे.

टेबल टेनिस याहून निराळे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबल टेनिसचे सामने सुरतेच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय बंदिस्त क्रीडागृहात झाले. सुरत हे या खेळाचे मोठे केंद्र आहे. हरमीत देसाई, मानव ठक्कर हे तिथलेच. या खेळात गेमला वेळेची मर्यादा नाही, पण दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून अठरा गुण झालेले नसले तर जलद पद्धत लागू होते : सर्व्हिस एकेका गुणानंतर बदलते आणि सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा वेळा चेंडू नीट परत केला की गुण त्याचा. दहावे मिनिट संपले तेव्हा चेंडू खेळात असेल तर? पंच खेळ तेथेच थांबवतो, तो गुण कोणालाच नाही, आणि ज्याची सर्व्हिस मोडली त्यालाच ती पुन्हा मिळते. तोडायचे, पण नुकसान कोणाचेच करायचे नाही. हा तिसरा मार्ग मला फार आवडतो. त्यामागे अनुभव आहे : १९३६ मध्ये प्रागला एर्लिश व पानेथ यांचा एकच गुण दोन तासांहून अधिक चालला होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातील बाडेन येथे महिलांच्या अंतिम सामन्यात वेळ संपली तरी निकाल लागेना, तेव्हा विजेतेपद कोणालाच दिले गेले नाही. रूथ ॲरन्स आणि ट्रूड प्रिट्झी या दोघींना संयुक्त विजेत्या म्हणून मान्यता मिळाली ती २००१ मध्ये, चौसष्ट वर्षांनी.

राहता राहिली बरोबरी. कबड्डीच्या बाद फेरीत वेळ संपून गुण समान राहिले तर दोन्ही संघ सात-सात गडी घेऊन उतरतात आणि प्रत्येकाला पाच-पाच चढाया मिळतात, प्रत्येक वेळी वेगळा गडी. तरीही बरोबरी राहिली तर नाणेफेक करून सुवर्ण चढाई. लक्षात घ्या, येथे घड्याळ बाजूला ठेवले गेले आहे. सामना आता चढायांनी मोजला जातो, जवळजवळ गामिनीच्या काळासारखा. खो-खोने नेमके उलटे केले. तेथे बरोबरी सुटते ती पहिला गडी किती वेळात मारला यावर. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. सामनाभर जी वेळ केवळ कुंपण होती तीच आता गुण झाली. म्हणून या लघुतम आक्रमणाच्या वेळी वेळाधिकाऱ्याशेजारी दुसरा माणूस दुसरे घड्याळ घेऊन बसवावा, आणि दोन्ही घड्याळांचे आकडे गुणपत्रिकेवर शेजारी शेजारी लिहून त्याखाली दोन्ही कर्णधारांच्या सह्या पहिल्या पाळीनंतरच, दुसरा संघ मैदानात उतरण्यापूर्वी, घ्याव्यात.